प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी : एक गणिताध्ययन

ग्रंथालयाच्या देवघेव विभागात बसणाऱ्याला कधीकधी अशी मागणी ऐकावी लागते की ती पुरवता न आल्याची रुखरुख वर्षानुवर्षे मनात राहते. कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन, संतवाङ्मय यांपैकी काहीही मागा. आपल्या कपाटांतून काही ना काही निघतेच. परंतु महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा येऊन उच्च गणितातील विश्लेषणाचा, म्हणजे सीमा, अनंत श्रेणी, फलने आणि त्यांचे संकलन यांच्या शास्त्रशुद्ध विवेचनाचा ग्रंथ मागू लागला की आपण निरुत्तर होतो. मराठीत कलनशास्त्राची क्रमिक पुस्तके आहेत, गणितज्ञांची चरित्रे आहेत, मनोरंजनासाठी लिहिलेले गणितही आहे. पण पदवीच्या पलीकडे जाऊन एकट्याने हा विषय आत्मसात करू पाहणाऱ्याने कोठून सुरुवात करावी, हे सांगणारा ग्रंथ मराठी कपाटात सहसा आढळत नाही. तो मुलगा नम्रपणे मान हलवतो आणि एखादे मासिक घेऊन परत जातो.

शताब्दी ग्रंथासाठी लिहावयास बसलो तेव्हा हीच मागणी प्रथम आठवली, आणि तिच्यामागोमाग प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव. कोसंबी इतिहासकार म्हणून आपल्या वाचकांना परिचित आहेत. त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाविषयीचा १९५६ चा इंग्रजी ग्रंथ अनेकांनी चाळला असेल. परंतु ते व्यवसायाने आयुष्यभर गणिताचे अध्यापक व संशोधक होते, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते. आणि गणितातील त्यांची वाटचाल ही बरीचशी एकट्याने, मिळतील त्या साधनांनिशी केलेली वाटचाल होती, हे तर त्याहूनही कमी जणांना ठाऊक असते. गोमंतकाच्या या सुपुत्राचे चरित्र त्या एका अंगाने येथे सांगावयाचे आहे. ते पेडण्याचे किंवा डिचोलीचे नव्हेत, तेव्हा स्थानिक अभिमानाचा प्रश्न येथे नाही. पुस्तके दूर आणि जाणकार त्याहून दूर, ही मात्र आपल्या दोन्ही तालुक्यांच्या चांगली ओळखीची स्थिती आहे.

त्या स्थितीचे थोडे स्मरण आधी केले पाहिजे. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय १८३२ मध्ये स्थापन झाले. भारतातील अत्यंत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. परंतु राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज, आणि आपल्या नव्या काबिजादीतील घराघरांतली वाचनाची भाषा मराठी. आपल्याकडे मराठी ग्रंथ येत ते हद्दीपलीकडून. पेडणेकरांना तेरेखोलच्या पैलतीरी सावंतवाडी संस्थान. तेथील श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. डिचोलीकरांना दोडामार्गावरून बेळगावची वाट. पुढे शिकावयाचे तर मुलाने घर सोडावयाचे, हा नियमच होता. वैद्यकाचे शिक्षण पणजीत होते, लिसेंव होते. परंतु कला व विज्ञान यांचे शिक्षण देणारी महाविद्यालये गोव्यात आली ती मुक्तीनंतर, १९६२ मध्ये. त्यापूर्वी उच्च गणित शिकू इच्छिणाऱ्या गोमंतकीयाला मुंबई, पुणे किंवा बेळगाव-धारवाड गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते.

घर सोडून विद्येच्या शोधात जाणाऱ्यांचे अग्रणी म्हणजे दामोदरांचे वडील, धर्मानंद कोसंबी. त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच. नारळीच्या बागायतीची देखभाल करण्यात तारुण्य चालले होते. विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बाळबोध’ मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यात संस्कृत शिकावे, काशीस जावे, नेपाळात बौद्ध धर्माचा ठाव घ्यावा, तेथे निराशा पदरी आल्यावर सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकावी, असा तो प्रवास. मुलांच्या मासिकातील एका लेखाने एक माणूस कोठच्या कोठे गेला. मासिकांची वर्गणी हा व्यर्थ खर्च आहे असे मानणाऱ्या आमच्या काही सन्माननीय सभासदांनी हे उदाहरण अवश्य ध्यानी घ्यावे.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. धर्मानंदांना हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी पाचारण झाले होते. १९१२ पासून काही वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरांना त्यांनी बरोबर नेले. त्यांचे शालेय शिक्षण हार्वर्डच्याच गावी, केंब्रिज येथे झाले. मध्ये एकदा स्वदेशी परतून १९२६ च्या आरंभी ते पुन्हा तेथे गेले आणि हार्वर्डचे विद्यार्थी झाले. तेथे जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारखे गुरू होते. नॉर्बर्ट वीनर यांच्याशी तर घरोब्याचा स्नेह जडला. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्यांनी कमीअधिक प्रमाणात आत्मसात केल्या. १९२९ मध्ये ते सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले.

या भाषाज्ञानाचा गणिताशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. त्या काळी विश्लेषण आणि भूमिती यांतील नवे संशोधन प्रामुख्याने फ्रेंच, जर्मन आणि इटालियन भाषांत प्रसिद्ध होत असे. इंग्रजी एवढीच परकी भाषा जाणणाऱ्याला ते अनुवादाची वाट पाहिल्याखेरीज हाती लागत नसे, आणि बरेचसे अनुवादित होतही नसे. एकट्याने शिकणाऱ्याचे पहिले साधन पुस्तक नव्हे, तर पुस्तकाची भाषा, हे कोसंबींच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरले. त्यांच्या आरंभीच्या लेखांपैकी एक फ्रेंच भाषेत, रोमच्या लिंचेई अकादमीच्या कार्यवृत्तात १९३२ मध्ये छापला गेला.

हार्वर्डहून ते परतले ते केवळ पदवी घेऊन. पीएच. डी. त्यांनी कधीच केली नाही. संशोधन कसे करावे हे मार्गदर्शकाच्या हाताखाली तीन-चार वर्षे राहून शिकण्याची जी रीत आहे, ती त्यांच्या वाट्याला आली नाही; एरवी शिकवणीत जे मिळते ते त्यांना स्वतःच मिळवावे लागले. १९२९ मध्ये ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले. १९३१ मध्ये त्यांना अलीगढला बोलावणे आले. बोलावणारे होते आंद्रे वेल, विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांपैकी एक. त्या वेळी ते पंचविशीतले तरुण होते आणि अलीगढच्या गणित विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. तिरुक्कण्णपुरम् विजयराघवन हे विश्लेषणातील निष्णात गणितीही तेथेच होते. वेल, विजयराघवन आणि कोसंबी हे तिघे एका छोट्या गावात एकत्र यावेत, हा भारतीय गणिताच्या इतिहासातील मोठा सुयोग होता. दुर्दैवाने तो टिकला नाही. १९३२ च्या आरंभीच वेल यांचे पद गेले, विजयराघवनही अलीगढ सोडून ढाक्यास गेले, आणि कोसंबी पुन्हा एकटे पडले.

या अल्प सहवासातील एक गंमत गणितज्ञांच्या जगात अजून सांगितली जाते. वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक छोटा लेख लिहिला आणि त्यात बोर्बाकी नामक, कधीही अस्तित्वात नसलेल्या एका गणितज्ञाच्या प्रमेयाचा गंभीर चेहऱ्याने आधार घेतला. तो लेख अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापून आला. पुढे काही वर्षांनी वेल व त्यांच्या फ्रेंच मित्रांनी विश्लेषणाची सर्व इमारत पायापासून नव्याने रचणारी ग्रंथमाला सुरू केली, ती याच बोर्बाकी नावाने. तेव्हा ज्या नावाने जगभरच्या विद्यार्थ्यांना धाक घातला, ते छापील गणितात प्रथम आले ते एका गोमंतकीयाने केलेल्या थट्टेतून.

अलीगढच्या दोन वर्षांत कोसंबींनी आठ शोधनिबंध लिहिले. त्यांतील विषय होता अवकल भूमिती, विशेषतः मार्गांच्या अवकाशाचा अभ्यास. एखाद्या पदार्थाच्या गतीची समीकरणे दिली असता ज्या वक्रांवरून तो जाऊ शकेल त्या सर्व वक्रांचे कुल घ्यावयाचे आणि त्यातून अवकाशाची भूमिती शोधावयाची, असे त्याचे ढोबळ स्वरूप सांगता येईल. १९३३ मध्ये हा निबंध जर्मनीतील प्रतिष्ठित गणितपत्रिकेत प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या लगेच पुढे त्याच अंकात एली कार्तां यांची त्यावरील टिप्पणी छापलेली होती. कार्तां म्हणजे त्या विषयाचे त्या काळचे जगातील श्रेष्ठ अधिकारी. १९३९ मध्ये चिनी गणितज्ञ चर्न यांनी त्यात भर घातली, आणि आज तो सिद्धांत कोसंबी-कार्तां-चर्न या तिघांच्या नावे ओळखला जातो. अलीगढच्या एका तरुण प्राध्यापकाचे काम पॅरिसपर्यंत पोहोचले ते टपालाने आणि छापील पत्रिकेच्या द्वारे. परंतु पलीकडे ते वाचून, त्यातले उणे-अधिक दाखवून, पुढचा मार्ग उघडणारा जाणकार होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे त्याची आठवण येणार आहे.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्यास आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. ज्या महाविद्यालयात वडिलांनी पाली शिकवली तेथेच मुलाने पुढील बारा वर्षे गणित शिकवले. पुढच्याच वर्षी त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. आणि येथे, ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने, थोडे विषयांतर करण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी. कारण कोसंबी ज्या वास्तूत बारा वर्षे वावरले तिच्यात एक ग्रंथालय होते, आणि त्या ग्रंथालयाची हकीकत आपणा सर्वांना आपलीशी वाटेल अशी आहे.

मद्रास इलाख्यात व्ही. रामस्वामी अय्यर नावाचे एक डेप्युटी कलेक्टर होते. गणिताचे वेड, परंतु नोकरी महसूल खात्यातली आणि बदल्या गावोगावच्या. युरोपातील गणितपत्रिका आणि नवे ग्रंथ एकट्याच्या पगारात मागवणे शक्य नव्हते, आणि जवळपासच्या कोणत्याही ग्रंथालयात ते मिळत नव्हते. १९०६ च्या डिसेंबरात त्यांनी ओळखीच्या गणितप्रेमींना पत्रे लिहिली. सर्वांनी वर्गणी काढावी, त्यातून ग्रंथ व पत्रिका मागवाव्यात आणि टपालाने एकमेकांकडे फिरत्या ठेवाव्यात, अशी ती योजना. त्यातून १९०७ मध्ये एक मंडळ उभे राहिले. त्याचे पहिले नाव ‘अ‍ॅनॅलिटिक क्लब’, म्हणजे विश्लेषणाचे मंडळ! थोड्याच काळात त्याचे नाव ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ असे झाले. मंडळाचे ग्रंथालय कोठे ठेवावे हा प्रश्न आला तेव्हा रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे फर्ग्युसन महाविद्यालयाने त्याला जागा दिली. तेथून पत्रिकांची पुडकी सभासदांकडे टपालाने जात आणि वाचून झाली की परत येत. पुढे सुमारे चार दशके ते ग्रंथालय पुण्यातच होते.

ज्या वर्षी हे मंडळ स्थापन झाले त्याच वर्षी कोसंबी जन्मले, हा केवळ योगायोग. परंतु देशात विश्लेषणाचा जो काही उत्तम संग्रह सर्वसामान्य अभ्यासकाला उपलब्ध होता, तो कोसंबींच्या वर्गाच्या जवळच होता. आणि त्यासाठी कोणा संस्थानिकाची देणगी नव्हे, तर गावोगावच्या शिक्षकांची व कारकुनांची वर्गणी कारणीभूत होती. रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये छापला तो याच मंडळाच्या पत्रिकेने. रामानुजन यांनी कार यांच्या प्रमेयसंग्रहावरून, म्हणजे सिद्धता जवळजवळ नसलेल्या एका परीक्षोपयोगी पुस्तकावरून, कुंभकोणम् येथे एकट्याने गणित शिकले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यांना वर काढणाऱ्या साखळीतील एक कडी हे वर्गणीचे मंडळ होते, हे मात्र त्या कथेत बहुधा गाळले जाते.

पुण्यातील वर्षांत कोसंबींनी स्वतःला संख्याशास्त्र शिकवले. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. पुस्तकाचे पहिले प्रकरण, मग दुसरे, मग त्यांवरील उदाहरणे, असा क्रम त्यांनी धरला नाही. खरा प्रश्न हाती घ्यावयाचा आणि तो सोडवताना जे जे अडेल ते ते शिकावयाचे, ही त्यांची रीत. प्रथम त्यांनी आपल्याच विद्यार्थ्यांचे परीक्षेतील गुण घेतले. नंतर त्यांची दृष्टी वळली प्राचीन आहत नाण्यांकडे, म्हणजे ज्या चांदीच्या तुकड्यांवर ठसे उमटवलेले असत त्या नाण्यांकडे. तक्षशिला येथे अशा नाण्यांचे साठे सापडले होते. नाणे चलनात फिरते तसे ते झिजते, आणि सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. म्हणजे जितका काळ फिरले तितके सरासरी वजन घटलेले आणि वजनांमधील तफावत वाढलेली. हे गृहीत धरले तर कोणता गट जुना आणि कोणता नवा हे तराजूने सांगता आले पाहिजे. पण गृहीत धरून भागत नाही. म्हणून कोसंबींनी आपल्या काळातील चलनातील नाणी जमवून अतिसूक्ष्म तराजूवर हजारोंनी तोलली. त्यांवर सन छापलेला असतो, तेव्हा झिजेचा नियम तेथे पडताळता येतो. तो पडताळून मग प्राचीन नाण्यांना लावला. १९४० पासून हे निबंध प्रसिद्ध होऊ लागले.

या तराजूतूनच त्यांचा इतिहास निघाला. नाण्यांचा क्रम लागला. पण ती पाडणारे राजे कोण, हे ठरवावयाचे तर पुराणे व बौद्ध ग्रंथ वाचले पाहिजेत, आणि त्यासाठी संस्कृत पक्के हवे. घरात वडिलांसारखे पंडित असता बालपण अमेरिकेत गेलेले. तेव्हा त्यांनी तेही मोठेपणीच घोटून तयार केले. येथेही प्रश्न आधी, व्याकरण नंतर. भर्तृहरीच्या सुभाषितांच्या हस्तलिखितांचे पाठ तपासता तपासता संस्कृत पक्के झाले आणि १९४८ मध्ये त्या सुभाषितसंग्रहाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. या कामी भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे विष्णु सीताराम सुकथनकर यांची संशोधनपद्धती त्यांना आदर्श वाटली. सुकथनकरही मुळात केंब्रिजला गणित शिकलेले. पाठभेदांच्या चिकित्सेत दोन गणिती भेटावेत, हे पुण्यातच शक्य होते.

आता विश्लेषणाकडे परत येऊ. १९४३ मध्ये कोसंबींनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेत फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्राविषयी एक निबंध लिहिला. तेरा पानांचा निबंध. पण त्यातील कल्पना फार दूरवर पोहोचणारी होती. ती आपल्या भाषेत अशी सांगता येईल. डिचोलीत मृगापासून हस्तापर्यंत दररोज किती पाऊस पडला याचा आलेख काढा. दर वर्षी एक वक्र मिळेल. पन्नास वर्षांचे पन्नास वक्र, एकासारखा दुसरा नाही. एका आकड्याची सरासरी काढणे सोपे. पण संपूर्ण वक्रांचे संख्याशास्त्र कसे करावयाचे? कोसंबींनी दाखवले की असे यदृच्छ वक्र काही ठरावीक मूळ आकारांच्या बेरजेत मांडता येतात. हे आकार एकमेकांशी लंब असतात, आणि प्रत्येक वर्षाचा वक्र म्हणजे कोणता आकार किती प्रमाणात घ्यावयाचा याची एक छोटीशी यादी. पहिले दोन-चार आकार घेतले तरी वक्राचा बहुतेक भाग हाती येतो. उरलेले टाकून दिले तरी चालते.

आज प्रतिमा व ध्वनी यांची माहिती थोड्या जागेत साठवण्यासाठी, हवामानाच्या अभ्यासासाठी आणि द्रवांच्या खळबळत्या प्रवाहाच्या विश्लेषणासाठी हीच कल्पना वापरतात. परंतु ती ओळखली जाते कारहूनेन आणि लोएव या दोघांच्या नावाने. त्यांचे काम कोसंबींच्या नंतरचे, १९४५ ते १९४८ च्या दरम्यानचे. फिनलंडच्या कारहूनेन यांनी किंवा फ्रान्सच्या लोएव यांनी कोसंबींचा निबंध पाहिला असण्याचे कारण नव्हते. जग युद्धात होते, भारतीय पत्रिका समुद्रापार जाणे दुरापास्त होते. दहा वर्षांपूर्वी कार्तां यांनी ज्याप्रमाणे टिप्पणी लिहिली, तशी लिहिणारे या वेळी कोणी नव्हते. निबंध कपाटात राहिला. अलीकडच्या काळात कोसंबींचे अग्रस्थान मान्य करणारे उल्लेख होऊ लागले आहेत, पण नाव रूढ झाले ते झालेच.

त्याच सुमाराचा दुसरा निबंध मात्र सुदैवी ठरला. १९४४ मध्ये इंग्लंडमधील आनुवंशिकीच्या एका पत्रिकेत त्यांनी गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र दिले. जनुकांचे दुवे तुटून पुन्हा जुळतात. एके ठिकाणी असे घडले की शेजारी पुन्हा घडण्याची शक्यता घटते. ही गोष्ट त्यांनी एका सुटसुटीत फलनात बसवली. भात, गहू, मका यांचे जनुकीय नकाशे काढणारे संशोधक आजही कोसंबींचे फलन वापरतात. नेमके शेतीच्या संशोधकांना रोज लागणारे असल्यामुळे ते हरवले नाही.

१९४५ मध्ये होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. बिऱ्हाड पुण्यातच राहिले. ‘डेक्कन क्वीन’ने ये-जा करावयाची आणि त्या प्रवासात वाचन-लेखन करावयाचे, हा शिरस्ता पडला. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत जाऊन त्यांनी नव्या गणनयंत्रांची माहिती घेतली, आणि शिकागो विद्यापीठात काही काळ शिकवलेही. मधल्या काळात, ४ जून १९४७ रोजी, धर्मानंदांनी सेवाग्राम येथे प्रायोपवेशनाने देह ठेवला होता. त्याच वर्षी दामोदरांनी गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर, म्हणजे गांवकरीवर, आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. तिसवाडी, बारदेश, सासष्टी यांचाच विचार त्यात आहे. पेडणे आणि डिचोली त्या कक्षेबाहेर राहिले, याची खंत आमच्यासारख्यांना वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या भागावर तसा निबंध आपल्यातीलच कोणी लिहावा.

मुंबईत त्यांना साधनांची उणीव नव्हती. समृद्ध ग्रंथालय होते, जगभरचे गणिती येऊन जात होते. आणि नेमक्या याच काळात त्यांच्या गणिती आयुष्यातील सर्वांत मोठी चूक झाली, हे विचार करावयास लावणारे आहे. रीमान यांनी १८५९ मध्ये मूळ संख्यांच्या वाटणीविषयी मांडलेले अनुमान आजही सिद्ध झालेले नाही. विश्लेषणातील तो सर्वांत प्रसिद्ध प्रश्न मानला जातो. मूळ संख्या जणू यदृच्छेने विखुरल्या आहेत असे मानून संभाव्यतेच्या साधनांनी तो सोडवता येईल, असे कोसंबींना वाटू लागले. १९५९ मध्ये त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला तो भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत. संख्या-सिद्धांतातील जाणकार जेथे तो बारकाईने तपासतील अशी ती जागा नव्हती. सिद्धतेत पोकळी होती. मूळ संख्या यदृच्छ नसतात, त्या यदृच्छ असल्यासारख्या वागतात. आणि ‘असल्यासारख्या’ हा शब्द सिद्धतेत चालत नाही.

या प्रकरणाने त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी त्यांचे आधीचे कामही जणू पुसून टाकले, हा अन्याय होता. परंतु दोष सर्वस्वी इतरांचा होता असे म्हणणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोसंबींचा स्वभाव तिखट होता, मतभेद त्यांना लपवता येत नसत. जो मनुष्य तीस वर्षे बहुतांशी स्वतःच्याच बुद्धीवर विसंबून चालला आणि बहुधा बरोबर ठरला, त्याला आपली चूक दाखवणारा सोबती जवळ करणे अवघड जाते. नाण्यांच्या बाबतीत चुकले असते तर तराजूने लगेच सांगितले असते. शुद्ध विश्लेषणात तराजू नसतो. तेथे दुसऱ्या माणसाची चिकित्सक नजर हाच तराजू. कार्तां यांच्या वेळी ती लाभली, १९४३ मध्ये लाभली नाही, आणि १९५९ मध्ये ती हाताशी असूनही उपयोगी पडली नाही.

संस्थेशीही त्यांचे बिनसत गेले. अणुऊर्जेपेक्षा भारतासारख्या देशाने सौरऊर्जेकडे वळावे, हे मत ते उघडपणे मांडत आणि भाभांच्या धोरणाशी ते जुळणारे नव्हते. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवण्यात आला नाही. १९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत मानद शास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. मूळ संख्यांचा नाद मात्र सुटला नाही. त्यांविषयीचे काही निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने मुंबई विद्यापीठाच्या पत्रिकेत छापले. एकीकडे पुण्याच्या टेकड्यांवर आणि खेडोपाडी हिंडून अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे गोळा करणे, धनगरांच्या वाटा शोधणे, हेही चालूच होते. मूळ संख्यांवरील एक ग्रंथही त्यांनी लिहून काढला होता. त्याचे हस्तलिखित पुढे सापडले नाही.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात, राहत्या घरी, झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. जन्मशताब्दीच्या निमित्ताने ३१ जुलै २००८ रोजी भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले, आणि त्याच वर्षी पणजीच्या कला अकादमीत त्यांच्या नावाने विचारमहोत्सव सुरू झाला. त्यांच्या इतिहासग्रंथांच्या प्रती गोव्यातील बहुतेक ग्रंथालयांत आहेत. गणितावरील निबंधांचा संग्रह मात्र थोड्याच ठिकाणी दिसेल. आपल्या शताब्दी निधीतून जी खरेदी व्हावयाची आहे तिच्या यादीत तो संग्रह घालावा, आणि त्याच्या शेजारी हार्डी, टिचमार्श, अपोस्टल व रूडिन यांचे विश्लेषणावरील ग्रंथ ठेवावेत, अशी सूचना कार्यकारी मंडळाकडे लेखी दिली आहे. महिन्यातून एक सायंकाळ वाचनकक्ष अशा अभ्यासकांसाठी राखून ठेवावा आणि गोवा विद्यापीठातील एखाद्या अध्यापकास त्यांची टिपणे तपासण्यासाठी बोलवावे, ही त्याच पत्रातील दुसरी विनंती आहे.